खाडीकाठची दुर्बीण

बोनकोड्यात राहणाऱ्याला दुर्बीण घ्यायला निमित्त शोधावं लागत नाही. पश्चिमेला तिवरांचा पट्टा, त्यापलीकडे ठाण्याची खाडी. खाडीचा एक भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आले की घराघरांतून दुर्बिणी बाहेर निघतात आणि त्यांतल्या काही माझ्याकडे येतात. मी दुरुस्ती करत नाही. खाडीवर पक्षी आणि वांगणीला तारे बघता बघता जे हाताला कळलं तेवढंच माझं भांडवल. तक्रार मात्र ठरलेली असते: “ताई, नीट दिसतच नाही. जास्त पॉवरची घ्यायला हवी होती.”

मी भिंगाकडे नंतर बघते, आधी आयकपकडे, म्हणजे डोळ्याला टेकणाऱ्या कपांकडे.

गेल्या मोसमात शेजारचे एक काका नवी कोरी दुर्बीण घेऊन आले. जाड चष्मा, आणि दुर्बिणीचे आयकप पूर्ण वर फिरवलेले. त्यांना बिचाऱ्यांना मधोमध इवलंसं वर्तुळ दिसत होतं. आयकप खाली फिरवून दिले. काकांनी पुन्हा दुर्बीण लावली, काही बोलले नाहीत, नुसते डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरत राहिले. डोळा दुर्बिणीच्या काचेपासून ठरावीक अंतरावर असेल तरच दृश्य पूर्ण दिसतं. चष्म्याची काच मधे आली की डोळा तेवढा लांब जातो, म्हणून कप खाली हवेत. चष्मा नसलेल्यांचं उलटं. कप खाली ठेवले की डोळा फार जवळ जातो आणि कडेने काळ्या सावल्या नाचायला लागतात. हे अंतर, म्हणजे आय रिलीफ, चष्मेवाल्यांना १५ मिलिमीटरच्या वर हवं. १७-१८ असेल तर सुख. चष्मा काढून बघावा का? नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर खुशाल काढा, फोकसच्या चाकाने तो भरून निघतो. सिलिंडरचा मोठा नंबर मात्र कुठल्याच चाकाने जात नाही.

दुसरी गोष्ट उजव्या डोळ्याची. उजव्या नळीवरचं ते छोटं कडं, डायॉप्टर, बहुतेकांनी कधी फिरवलेलंच नसतं. उजव्या भिंगासमोर तळहात धरायचा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दृश्य स्पष्ट करायचं. मग तळहात डाव्या भिंगासमोर, आणि आता फक्त कडं फिरवायचं. डोळा मिटायचा नाही. एक मिटला की दुसराही आखडतो आणि जुळणी चुकते. एवढं करूनही दहा मिनिटांत डोकं दुखत असेल, तर दुर्बीण कधीतरी पडलेली असणार. दोन्ही नळ्या एका रेषेत राहिल्या नाहीत की दोन चित्रं एक करताना मेंदूची दमछाक होते. असली दुर्बीण घरी उघडू नये, जाणत्या कारागिराकडे द्यावी.

आता पॉवर. आकडे सोपे आहेत. ८×४२ मध्ये ८ ही पॉवर आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच. तेवढ्या मिलिमीटरची उजेडाची चकती डोळ्यापर्यंत येते. खिशात मावणाऱ्या १०×२५ मधून येते अडीचची, आणि ती बाहुलीवर नेमकी बसवताना मान अवघडते. शिवाय दहापट दुर्बीण हाताची थरथरही दहापट करते. दुपारच्या उन्हात ओहोटीच्या चिखलावरून गरम हवा वर चढत असते. तेव्हा जेवढी पॉवर जास्त तेवढं ते लहरणं मोठं दिसतं. त्याला काच बदलून उपाय नाही, सकाळी लवकर जावं.

काचेचं म्हणाल, तर ती धुळीने कमी आणि पुसण्याने जास्त बिघडते, असं माझं ठाम मत आहे. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो. दुर्बिणीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. १९३५ साली त्साइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर चढवून हे नुकसान आवरलं. शर्टाच्या टोकाने आपण काच घासतो तेव्हा खाडीची बारीक वाळू आणि मीठ त्याच थरावर फिरवत असतो. आधी ब्लोअरने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि तरीही डाग राहिला तरच लेन्सच्या कागदावर लेन्स साफ करायच्या द्रवाचा थेंब. पुढच्या भिंगावरचे चार कण चित्रात दिसतसुद्धा नाहीत. डोळ्याकडच्या काचेवर पापण्यांचं तेल आणि मे महिन्याचा घाम बसतो, ती तेवढी साफ लागते. तिवरांत जाताना आपण डासांचं मलम चोपडतो. त्यात डीट असेल तर ते प्लास्टिक आणि रबर खातं. दुर्बिणीला हात लावण्याआधी ते धुवावेत.

खरा शत्रू पावसाळा. हवेत सत्तर टक्क्यांच्या वर दमटपणा राहिला की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि तिच्या आम्लाचा चरा काचेवर कायमचा राहतो. चामड्याची देखणी पेटी तर ओल धरून बसते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, शक्यतो नारिंगी दाण्यांचं. दाणे हिरवे पडले की तापवून पुन्हा वापरायचे, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. एसीतून बाहेर पडताना दुर्बीण थोडा वेळ पिशवीतच राहू द्यावी, नाहीतर काचेवर धुकं धरतं. थंडीत वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाच्या रात्री टेलिस्कोपवर दव पडतं तेही असंच: निरभ्र आकाशाखाली काच हवेपेक्षा थंड होते. भिंगाच्या व्यासाच्या दीडपट-दुप्पट लांबीची काळ्या पुठ्ठ्याची नळी पुढे लावली की बराच वेळ निभावतं. दव पुसू मात्र नये.

पहिली दुर्बीण घेणार असाल तर ८×४२ घ्या, आणि दुकानात चष्मा लावून, रस्त्यापलीकडची पाटी वाचून मगच पैसे द्या. घरात जुनी पडून असेल तर ती चामड्याच्या पेटीतून आजच काढा आणि उजेडासमोर धरून आतलं जाळं बघा. सुरुवातीची बुरशी कारागीर काढून देतो. थर खाल्ला गेला की त्याचाही इलाज चालत नाही.