राबणाऱ्या यंत्रांची रुजवात

चोरीचे जे चित्र आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या ठसलेले आहे, त्यात काहीतरी नाहीसे झालेले असते. कडी तुटलेली, पेटी रिकामी, गोठ्यातले दावे मोकळे. परंतु बिटकॉइनसारखी नाणी मिळविण्यासाठी अहोरात्र राबणाऱ्या यंत्रांच्या राखणीचे काम ज्याने पत्करले, त्याला हे चित्र प्रथम पुसून टाकावे लागते. त्याच्याकडे चोरी होते तेव्हा यंत्र जागच्या जागी असते, पंखे नेहमीच्याच आवाजात फिरत असतात, महावितरणचे मीटर नेहमीच्याच वेगाने पुढे सरकत असते, आणि तरीही त्या सर्व श्रमांचे फळ परक्याच्या खाती जमा होत असते.

याचे मर्म एका ओळीत आहे. जगभरातली यंत्रे मिळून सुमारे दर दहा मिनिटांनी बिटकॉइनच्या खतावणीत एक नवे पान, म्हणजे ब्लॉक, जोडतात आणि ज्याला ते साधते त्याला एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइन मिळतात. एकट्यादुकट्याच्या वाट्याला हा योग येणे दुरापास्त, म्हणून सहस्रावधी यंत्रे एखाद्या पूलमध्ये सामील होऊन श्रमांच्या प्रमाणात वाटणी घेतात. ही वाटणी कोणाच्या नावे पडावी, हे ठरविणारी अक्षरे व अंक यांची एक लांबलचक ओळ, म्हणजे वॉलेटचा पत्ता, यंत्राच्या किंवा पूलच्या खात्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेली असते. ती बदलली की मालक बदलला. जानेवारी २०१८ मध्ये सातोरी नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमच्या एका नव्या अवताराने नेमके हेच केले: इथेरियम काढणाऱ्या क्लेमोर या प्रोग्रॅमचे ३३३३ क्रमांकाचे पोर्ट जिथे जिथे इंटरनेटवर उघडे सापडले, तिथे आत शिरून त्याने फक्त पूल आणि वॉलेटचा पत्ता बदलला, आणि यंत्रांना पूर्ववत राबू दिले.

सोमाटणे फाट्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या परंदवडीसारख्या गावात या उद्योगाचे स्वरूप लहानच असते. घरामागची पत्र्याची एखादी खोली, भिंतीला भोके पाडून बसविलेले मोठे पंखे, आणि लोखंडी मांडणीवर ओळीने ठेवलेली थोडकी यंत्रे. अशा ठिकाणी मावळचा पाऊस हा चोराचा मोठा साथीदार ठरतो, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. आषाढ-श्रावणात वीज घटकाघटकाला जाते, यंत्रे पुनःपुन्हा बंद पडतात व सुरू होतात, आणि महिनाअखेर मिळकत घटलेली दिसली की मालक सहजगत्या त्याचा दोष विजेला देऊन मोकळा होतो. कावेबाज चोर सगळे नेतच नाही; दिवसातले तास-दीड तास यंत्र आपल्याकडे वळवितो, आणि ती तूट पावसाच्या खाती लिहिली जाईल याची खात्री बाळगतो.

म्हणून मी ज्या ज्या ठिकाणी राखणीची जोखीम घेतो, तिथे कुलपाच्या आधी वही मागतो. या वहीत तीन आकडे रोज एकमेकांसमोर मांडावयाचे: मीटरने दाखविलेली वीज, यंत्राने स्वतः सांगितलेला श्रमाचा वेग, आणि पूलने मान्य केलेला श्रमाचा वेग, शिवाय वीज केव्हा गेली व केव्हा आली याची नोंद. २०१६ साली आलेले अँटमायनर एस९ हे जुने यंत्र घेतले, तर ते अखंड चालल्यास दिवसाला सुमारे ३२ युनिटे खाते. वीज ३२ युनिटांची जळली, यंत्र म्हणते मी दिवसभर राबलो, आणि पूलच्या दप्तरी मात्र बावीस तासांचेच श्रम रुजू आहेत, तर उरलेल्या दोन तासांचा जाब कोणाला तरी द्यावाच लागेल. ही रुजवात कंटाळवाणी आहे, तीत बुद्धीची चमक दाखविण्यास वाव नाही, परंतु महागड्या सुरक्षा-प्रोग्रॅमांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट या साध्या वहीने उघडकीस आलेली मी पाहिली आहे.

कुलपांचा विचार अर्थातच करावा लागतो. कितीतरी यंत्रे कारखान्यातून ‘रूट’ हेच नाव आणि ‘रूट’ हाच पासवर्ड घेऊन बाहेर पडली, आणि दूरवरून मोबाइलवर पाहता यावे या हौसेपोटी मालकांनी राउटरचे पोर्ट थेट त्यांच्यापर्यंत उघडे करून ठेवले. जानेवारी २०१९ मध्ये चीनमध्ये ‘हँट’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने एस९ यंत्रांना ग्रासले तेव्हा त्याची धमकी अशी होती, की दहा बिटकॉइन द्या, अथवा आणखी हजार यंत्रांना ही बाधा पोहोचवा, अन्यथा पंखे व उष्णतेपासूनचा बचाव बंद करून यंत्रेच जाळून टाकू. आणि परका तेवढाच वैरी असे मानण्याचीही सोय नाही. एप्रिल २०१७ मध्ये उघड झाले, की बिटमेन या खुद्द उत्पादकाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रात मुळातच भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, यंत्र दूरवरून बंद पाडता येईल अशी तरतूद होती. टीका झाल्यावर ती काढून टाकण्यात आली. तेव्हापासून अनोळखी माणसाने पेन ड्राइव्हवर आणून दिलेले ‘वेगवान’ फर्मवेअर मी कोणाच्याही यंत्रात घालू देत नाही.

बंदोबस्ताचा विचार करताना मावळातल्या माणसाला लोहगड आठवल्यावाचून राहत नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारे नागमोडी वाटेवर एकामागून एक येतात, आणि एक पडले तरी पुढचे उभे राहते. यंत्रांचे जाळे घरच्या वायफायपासून वेगळे ठेवणे, बाहेरून येणाऱ्यास व्हीपीएनखेरीज वाट न देणे, आणि पूलच्या खात्यास पासवर्डाबरोबर दुसरी खूण मागणे, ही त्याच जातीची रचना. परंतु माझ्या मते शिवकालीन दुर्गव्यवस्थेचे खरे शहाणपण दारांत नसून अधिकाराच्या वाटणीत आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे गडावर एकाच तोलाचे अधिकारी म्हणून नेमलेले असत आणि कारभार तिघांनी मिळून करावयाचा, ही व्यवस्था सभासदाच्या बखरीत नमूद आहे. एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हवाली होऊ नये, हा तिचा हेतू. त्याच न्यायाने, जो यंत्रे पुसतो व पंखे बदलतो त्याच्या हाती वॉलेटचा पत्ता बदलण्याचा अखत्यार नसावा. जो पत्ता बदलू शकतो त्याने तो दुसऱ्याच्या संमतीवाचून बदलू नये. आणि वॉलेटची ती बारा किंवा चोवीस शब्दांची किल्ली यंत्रांच्या खोलीत, संगणकात किंवा मोबाइलच्या छायाचित्रांत कधीही असू नये.

हे आमच्या मुलखात पुस्तकी बोलणे उरलेले नाही. अमित भारद्वाज याच्या गेनबिटकॉइन योजनेने, कोणीही न पाहिलेल्या यंत्रांच्या श्रमावर दरमहा दहा टक्के असा परतावा अठरा महिने देण्याचे वचन देऊन, असंख्य कुटुंबांची पुंजी गोळा केली. २०१८ साली पुण्यात दत्तवाडी आणि येथून फार दूर नसलेल्या निगडी पोलिस ठाण्यात गुन्हे नोंदले गेले. त्या तपासात डिजिटल पाकिटे उघडण्यास तज्ज्ञ हवे होते म्हणून बाहेरचे साहाय्य घेण्यात आले, आणि मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच साहाय्यकांपैकी दोघांना, आरोपींच्या पाकिटांतील नाणी परस्पर आपल्याकडे वळविल्याच्या आरोपावरून अटक केली. दोषादोषाचा निर्णय न्यायालयाचा. पण ज्याच्या हाती किल्ली इतबाराने द्यावी लागते, त्याच्यावरही दुसरी नजर हवी, ही गोष्ट त्या वार्तेने माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाच्या मनावर कोरली गेली असावी.

मी स्वतःला या नियमातून वगळलेले नाही. काम हाती घेताना मी मालकाशी लेखी ठरवितो, की मला पूलच्या खात्याचा केवळ पाहण्यापुरता दुवा मिळावा, बदल करण्याची मुभा नसावी, आणि यंत्रांचा जो पासवर्ड मला देण्यात येईल तो मी काम सोडीन त्याच संध्याकाळी, मी निघण्यापूर्वी, बदलण्यात यावा. काही मालकांना हे अवघड वाटते; एवढ्या वर्षांच्या ओळखीत असे कसे करायचे, म्हणून ते संकोचतात. तेव्हा वही पुढे ओढून बदलाची तारीख व वेळ मीच लिहितो, खाली दोघांच्या सह्या घेतो, आणि नवा पासवर्ड ते टाइप करीत असताना खोलीबाहेर जाऊन उभा राहतो.