निपाणीत उतरलं की पुढं?

प्रोजेक्टच्या नकाशात सॉफ्टवेअरनं निपाणीचं बेट करून टाकलं होतं. बेळगावहून निपाणी, तिथं गाडी बदलून कागल, कोल्हापूर. हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक. पण जीटीएफएसच्या फाइली दोन, कर्नाटकच्या गाड्यांची एक, महाराष्ट्राच्या एसटीची दुसरी. दोन्हींत निपाणीच्या थांब्याला वेगळा आयडी. म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी थांबे दोन, आणि मधे पायवाटच नाही! सीमावाद तिथंही. (रात्री साडेबाराची गाडी या फाइलीत 24:30:00 लिहितात, ही आणखी एक गंमत.) ट्रान्सफर्सच्या फाइलीत दोन्ही आयडी जोडले, नेटवर्क पुन्हा बांधलं, तेव्हा कोल्हापूरपर्यंत रंग पसरला. आत्याच्या गावावर मात्र संध्याकाळी सातनंतर रंग चढेना. सगळं पुन्हा तपासलं. फाइल बरोबर होती. त्या वेळेला तिकडं गाडीच नाही.