मोतीची शाळा

मैत्रिणींनो, कुत्र्याला शिकवायचं म्हणजे आधी घरातल्या माणसांना शिकवायचं, बरं का!

आमचा मोती कारवानी जातीचा, म्हणजे पळण्यासाठीच जन्मलेला. माणूस दिसलं की अंगावर झेप! सासूबाई सत्तरीच्या, पडल्याबिडल्या तर काय, म्हणून त्याला गावी धाडायचं ठरतच आलं होतं. मी महिन्याची मुदत मागून घेतली.

रोज पहाटे त्याला भरपूर पळवून आणायचं. उडी मारली की अगदी गप्प राहून पाठ फिरवायची. आपलं ओरडणंही त्याला खेळच वाटतं. चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी 'शाब्बास' आणि भाकरीचा तुकडा. उशिरा दिलेलं बक्षीस कशाचं, हे त्याला उमगत नाही.

पण आमचे 'हे' पेपर वाचता वाचता उडी मारणाऱ्या मोतीला थोपटायचे! दहांतली एक उडी फळली, तरी अकरावी ठरलेलीच. अखेर सासूबाईंनीच त्यांना दटावलं, अन् मोती घरी राहिला.

सवय जडली की तुकडा अधूनमधून द्या, कौतुक मात्र नेहमी करा. आणि कांदा, चॉकलेट, मनुका चुकूनही देऊ नका. कुत्र्यांना हे पदार्थ विषासारखे बाधतात.