आपण

काही शब्द माणूस आयुष्यभर वापरतो आणि त्यांचा अर्थ त्याला एखादे दिवशी दुसऱ्याच्या तोंडून कळतो. माझ्या बाबतीत तो शब्द होता ‘आपण’. तो मला समजावून सांगणाऱ्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते.

२०१० साली, आताच्या पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील एका लहानशा मिशन रुग्णालयाचा व्यवस्थापक म्हणून माझी नेमणूक झाली. रुग्ण बहुतेक वारली समाजाचे. परिचारिका म्हणून सेवा करणाऱ्या सिस्टर केरळच्या, डॉक्टर मुंबईहून आठवड्यातून तीन दिवस येणारे, हिशेबनीस माझ्यासारखाच वसईचा, आणि आया व वॉर्डबॉय जवळपासच्या पाड्यांवरचे. एका छपराखाली चार-पाच भाषा नांदत होत्या. निदान त्या नांदतात, अशी माझी समजूत होती.

आयांमध्ये पन्नाशी उलटलेली एक वारली बाई होती. तिला सगळे ‘मावशी’ म्हणत. नेमून दिलेले तिचे काम झाडलोटीचे आणि रुग्णांच्या उठबशीचे. पण कुठल्याही हजेरीपटात न लिहिलेले आणखी एक काम ती करीत असे. पाड्यावरची बाई आपले दुखणे ज्या शब्दांत सांगे ते मावशी सिस्टरांना सोपे करून सांगे. आणि सिस्टरांची मान रुग्णाला समजावून देई. हो, मानच. आपल्याकडे होकार देताना मान वर-खाली हलते. आमच्या सिस्टर मात्र होकार देताना मान दोन्ही खांद्यांकडे हलकेच झुलवीत. पाहणाऱ्याला तो नकार वाटे. मावशी शेजारून म्हणे, ‘सिस्टर हो म्हणते.’ आणि काम पुढे सरके.

२०१२ च्या ऑक्टोबर महिन्यात एके दिवशी डॉक्टर दीड तास उशिरा आले. ओपीडी खच्चून भरली होती. मावशी सर्वांदेखत त्यांना म्हणाली, ‘तू उशिरा का आलास? बाया सकाळपासून बसल्यात.’ डॉक्टरांचा चेहरा उतरला. दुपारी ते माझ्या कार्यालयात आले आणि म्हणाले, ‘फादर, एका आयाने मला अरे-तुरे करायचे असेल, तर मला येथे काम करता येणार नाही.’ प्रमुख सिस्टरांनीही तक्रार केली. डॉक्टर गमावणे आम्हांला परवडणारे नव्हते. मी मावशीला बोलावून विचारलेदेखील नाही. हिशेबनिसाने कारणे दाखवा नोटीस टंकलिखित करून आणली आणि मी तिच्यावर सही केली. मजकूर नेहमीचाच होता : ‘आपण डॉक्टरांशी उद्धट वर्तन केल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’

मावशीने कागद घेतला, घडी घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी एका पाड्यावरून पहिलटकरीण सुनेला घेऊन सासू आली. वेणा सुरू झाल्या होत्या. सासूने दारातूनच विचारले, ‘घेता का हिला?’ सिस्टरांनी नेहमीप्रमाणे मान झुलवली आणि खाट तयार करण्यासाठी त्या लगबगीने आत गेल्या. बाहेर येऊन पाहतात तो ओटी रिकामी! सासूने नकार समजून सुनेला माघारी नेले होते. आम्ही जीप काढली. अर्ध्या वाटेवर, ओढ्याच्या अलीकडे, ती दोघी रस्त्याच्या कडेला बसलेल्या सापडल्या. मूल रात्री सुखरूप जन्मले. पण ओढा ओलांडून त्या जंगलवाटेला लागल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना. दोष कोणाचा? सिस्टर ‘हो’ म्हणाल्या होत्या. सासूने जे दिसले ते मानले होते. त्या दोघींच्या मध्ये उभी राहणारी बाई मी एका सहीने दूर केली होती.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या पाड्यावर गेलो. भातकापणी सुरू होती. कुडाच्या घरात तिने मला बसायला दिले, पाणी दिले, आणि आढ्याला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. नोटीस तीत जपून ठेवली होती. आश्रमशाळेत शिकणाऱ्या नातवाकडून तिने ती वाचून घेतली होती. तिची बोली जशीच्या तशी लिहिणे मला साधणार नाही. पण ती म्हणाली ते असे :

‘यात आपण लिहिलंय. आपण म्हणजे तू, मी, सिस्टर, डॉक्टर, सगळे ना? सगळ्यांनी मिळून वाईट केलं असं लिहिलंय. मग कागद मला एकटीलाच का दिलास?’

मी तिला समजावू लागलो. येथे ‘आपण’ म्हणजे सगळे नव्हे. येथे तो शब्द तुझ्यासाठीच आहे, आदरार्थी.

‘आदरानं?’ ती म्हणाली. ‘मग एरवी का नाही बोललास तसं?’

तिच्या स्वरात उपरोध नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आमच्या बोलीत आईला तू, बापाला तू, पाड्याच्या म्होरक्यालाही तू, असे तिने मला सांगितले. डॉक्टरला निराळे बोलायचे हे तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते. मला उत्तर सुचले नाही. दोन वर्षांत त्या रुग्णालयाने तिला आदरार्थी संबोधिले ते एकदाच, आणि तेही नोटिशीत.

परतताना वाटेत मी हिशेब मांडू लागलो. माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या त्या बाईला मी पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत होतो. डॉक्टरही म्हणत. सिस्टर मराठी शिकल्या त्या खाटेशेजारी : बस, झोप, तोंड उघड, श्वास घे. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यालाही त्या तसेच सांगत, आणि आम्हां मराठी भाषकांपैकी कोणी त्यांना कधी दुरुस्त केले नाही. म्हणजे ‘तू’ हा शब्द रुग्णालयात दिवसभर वावरत होता. वरून खाली येताना तो कोणाला खुपत नव्हता. खालून वर गेला तेव्हाच तो उद्धट ठरला.

मला माझीच लाज वाटली, कारण या बाबतीत मी अडाणी नव्हतो. वसईच्या शाळेत माझ्या घरच्या बोलीला मुले हसत, म्हणून मी प्रमाण मराठी चिलखतासारखी अंगावर चढवली होती. सेमिनरीत आम्हांला ग्रीक भाषेचा परिचय करून देण्यात आला तेव्हा शिकलो होतो की, नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये एका व्यक्तीसाठी एकच ‘तू’ आहे. मग ती व्यक्ती पिलात असो वा भिकारी. कोठे ‘आपण’ घालायचे ते मराठी भाषांतरकाराला ठरवावे लागते. आणि रोज वेदीसमोर उभा राहून मी स्वतः परमेश्वराला ‘तू’ म्हणतो! फादर थॉमस स्टीफन्स यांच्यावर तर मी मोठ्या अभिमानाने निबंध लिहिला होता. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेज्वीटाचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. म्हणजे मध्ये ३७ वर्षे गेली. कोकणीचे व्याकरणही त्याने रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली प्रसिद्ध झाले. लोकांना काही सांगण्याआधी लोक कसे बोलतात हे त्याने ऐकले होते. मला दोन वर्षांत पलीकडच्या पाड्यावरचे एक सर्वनाम ऐकू आले नव्हते.

त्या संध्याकाळी मी प्रमुख सिस्टरांशी बोललो. त्यांना दोष द्यावा अशा तयारीने गेलो होतो, पण तेथेही माझे ऐकणे अपुरे पडले होते. मल्याळममध्ये वडीलधाऱ्यांशी बोलताना सर्वनामच शक्यतो टाळतात, असे त्यांनी सांगितले. ‘डॉक्टर’, ‘सिस्टर’, धर्मगुरूला ‘अच्चन’ अशी संबोधनेच सर्वनामाचे काम करतात. तेव्हा मावशीचे ते ‘तू’ त्यांच्या कानांना खरोखरच दुखले होते. तो ताठा नव्हता. मग मी त्यांना ‘आपण’चा किस्सा सांगितला. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘फादर, आमच्याकडेही दोन आहेत. ‘नम्मळ’ म्हणजे समोरच्याला धरून आपण. ‘ञङ्ङळ’ म्हणजे समोरच्याला सोडून आम्ही.’ मावशीची बोली, माझी मराठी, सिस्टरांची मल्याळम : तिन्ही भाषांना हा भेद ठाऊक होता. आमचे रुग्णालय मात्र ‘आम्ही’वर चालले होते.

मी नोटीस लेखी मागे घेतली आणि गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापू दिला नाही. भात कापून झाल्यावर मावशी कामावर परतली. सगळेच गोड झाले असे मात्र नाही. डॉक्टरांना माझा निर्णय पटला नाही. शिस्त म्हणजे शिस्त, असे त्यांचे म्हणणे होते, आणि काही महिन्यांनी त्यांनी येणे थांबविले. नवे डॉक्टर मिळेपर्यंत रुग्णांचे हाल झाले, हे मला नाकारता येणार नाही. सिस्टर म्हाताऱ्या रुग्णांना ‘बसा’, ‘झोपा’ म्हणू लागल्या, आणि मान झुलवताना तोंडाने ‘हो’ही म्हणू लागल्या. मी मावशीला ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ती मागे वळून पाही आणि म्हणे, ‘मी एकटीच आहे ना?’ शेवटी दोघांनी एकमेकांना ‘तू’ म्हणायचे ठरले. एव्हाना ते दोन्हीकडून सारखेच होते.

२०१५ साली माझी बदली झाली. निरोप समारंभात हिशेबनिसाने मानपत्र वाचले : ‘आपण या रुग्णालयास नावारूपाला आणले.’ टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत भिंतीला टेकून मावशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. वर-खाली नव्हे, सिस्टरांसारखी, दोन्ही खांद्यांकडे. ते वाक्य तिने कोणत्या अर्थाने ऐकले असेल हे मला कळले. मीही ते त्याच अर्थाने ऐकले.