गाडी की मांजर?

सकाळचे सव्वासहा. नळ स्टॉपचा सिग्नल माझ्या बाजूने हिरवा, कर्वे रस्ता जवळजवळ मोकळा, म्हणून माझी इलेक्ट्रिक स्कूटर तिशीच्या वेगात. मेट्रोच्या खांबाआडून एक आजोबा निघाले ते थेट माझ्या पुढ्यात. दोन्ही ब्रेक आवळले. गाडी थांबली, पण पुढचं चाक त्यांच्या हातातल्या पिशवीला लागलंच. दुधाची एक पिशवी खाली पडून फुटली.

"अहो बाई, ही गाडी आहे का मांजर?" मग रस्त्यावरचा ओघळ बघून, "दूध सांडलं म्हणजे मांजरच!"

मी माफी मागितली, पैसे पुढे केले. ते त्यांनी घेतले नाहीत. "सिग्नल बघितला नाही, चुकलंच," म्हणाले, "पण कानोसा घेतला होता हो."

खरंच की. आपण रस्ता निम्मा कानांनीच ओलांडतो. रिक्षा किती लांब आहे, मागच्या बाइकवाल्याने रेस सोडली म्हणजे तो आपल्याला जाऊ देतोय, हे मान न वळवता कळतं. माझ्या गाडीने ही भाषाच बंद केली होती. युरोपात २०२१पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक मोटारीला ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज काढावा लागतो. दुचाकींना मात्र तो नियम नाही.

हॉर्न आहे, पण हॉर्नने माणूस दचकून जागीच थिजतो, आणि मला तो चालता हवा असतो. शेवटी सायकलच्या दुकानातून साधी घंटी आणून हँडलला बसवली. मेकॅनिक हसला. पण घंटी ऐकली की लोक सायकल शोधत वळून बघतात आणि बाजूला होतात.

मोटारींपुढे घंटी चालत नाही. तिथली गोष्टच वेगळी. सिग्नल सुटला की समोरचा उजवीकडे वळणारा मोटारवाला पहिल्या दोन सेकंदांत घुसतो, कारण तेवढ्यात समोरच्या गाड्या हलत नाहीत, हा त्याचा वर्षानुवर्षांचा हिशेब. पेट्रोलच्या स्कूटरला आधी इंजिनाचे फेरे वाढवावे लागतात, मग क्लच पकडतो. विजेच्या मोटरला मात्र शून्यापासूनच पूर्ण जोर. त्याने जी फट आपली धरलेली असते, तिच्या मधोमध मी पोचलेली असते. एकदा आम्ही दोघं हातभर अंतरावर थांबलो. काच खाली करून तो ओरडला, "एवढी घाई कसली?" घाई नव्हती हो, मूठ नेहमीइतकीच पिळली होती. नवी गाडी आणि जुना हात.

आता सिग्नल हिरवा झाला की मनात "एक, दोन" म्हणते आणि मग मूठ पिळते. तेवढ्यात मागचा रिक्षावाला तीनदा हॉर्न वाजवून घेतो.