गोळ्या चालू आहेत ना?

रोज रात्री साडेनऊला माझा अण्णांना फोन असायचा. ऑफिसची कॅब हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली, एका कानात इअरफोन. "अण्णा, गोळ्या चालू आहेत ना?" "चालू आहेत." संपलं! मुलीचं कर्तव्य वीस सेकंदांत ओके.

दिवाळीनंतर अण्णांना हार्ट अ‍ॅटॅक आला होता. पुण्यात अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, चौथ्या दिवशी घरी. आता काय, टेन्शन खलास, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. अण्णांना तर जरा जास्तच.

गेल्या जूनमध्ये पालखीच्या आधीच्या शनिवारी मी घरी गेले. आमचं घर बारामती-इंदापूर रस्त्यावर, निमगाव केतकीला. तुकोबांची पालखी याच रस्त्याने येते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीत घोड्यांचं, मग आमच्या गावात मुक्काम. त्या आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा नसते. आईला पाठदुखीचं मलम हवं होतं म्हणून मी औषधांचा डबा उघडला, तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलची पाकिटं जवळजवळ भरलेली! पावतीवरची तारीख बघितली, बोटांवर हिशेब केला. दोन्ही गोळ्या अकरा-अकरा जास्त होत्या.

"अण्णा, हे काय?"

"दात काढला ना, तवा बंद केल्या होत्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवा म्हणाले दवाखान्यात."

"आणि परत?"

"परत चालू करा असं कुणी बोललंच न्हाई."

"मी रोज विचारत होते की!"

"मग? बीपीची चालू हाय, कोलेस्टेरॉलची चालू हाय. तू कुठं कुठली ते इचारलंस?"

यावर काय बोलणार? माणूस खोटं बोललाच नव्हता.

पुण्याच्या कार्डिओलॉजिस्टना फोन लावला. एरवी शांत बोलणारे डॉक्टर, त्यांचाही आवाज बदलला. "दोन्ही बंद? कधीपासून?" गोळ्या लगेच कशा सुरू करायच्या ते त्यांनी सांगितलं, राहिलेल्या भरून काढायला मनाने दोन-दोन देऊ नका असं बजावलं, आणि आजच ईसीजी काढून पाठवा म्हणाले. बारामती तासाभरावर. गाडीत कुणी बोललं नाही. अण्णा खिडकीतून उसाकडे बघत बसलेले. ईसीजी ठीक निघाला. वाचलो.

परतताना मी त्यांना समजावायला गेले. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चढेपर्यंत शरीराला ती परकीच. मग प्लेटलेट्स (हो, डेंग्यूत मोजतात त्याच) तिला चिकटतात, आणि गुठळी झाली तर वाहिनी अचानक बंद. हल्लीच्या स्टेंटवर औषधाचा लेप असतो, त्याने वाहिनी पुन्हा अरुंद होत नाही, पण अस्तर चढायलाही वेळ लागतो. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट बसला, तेव्हापासून गुठळीचीच भीती होती. नव्वदच्या दशकात दोन गोळ्यांची जोडी आली, तेव्हा कुठे स्टेंट बिनधास्त वापरात आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी लेपाच्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. तेव्हा पेपरात केवढी चर्चा! त्या शेजारच्या गोळ्यांबद्दल कुणी बोलतं का?

अण्णा डाळिंबवाले. म्हणाले, "म्हणजे ड्रिपसारखं. क्षार बसून तोटी बंद पडती. पण मग अ‍ॅसिड आपण रोज सोडत न्हाई."

"ड्रिप बंद ठेवून धुता येतं, अण्णा. हे पाणी एक मिनिट बंद करता येत नाही."

ते गप्प झाले. पटलं असावं.

दातासाठी या गोळ्या बहुतेक वेळा बंद कराव्याच लागत नाहीत, हे डॉक्टरांकडून नंतर कळलं. कापूस दाबून धरून, गरज पडली तर टाका घालून रक्त थांबवता येतं. बंद करायच्याच असतील तर तो निर्णय कार्डिओलॉजिस्टचा. हार्ट अ‍ॅटॅकनंतर जोडी साधारण वर्षभर, आणि अ‍ॅस्पिरिन बहुधा कायमची. क्लोपिडोग्रेलचा परिणाम पाच-सात दिवसांत उतरतो, म्हणजे अण्णा निम्मे दिवस कवचाशिवायच हिंडत होते!

रक्तस्रावाची भीती खोटी नाही, बरं का. दाढी करताना कापलं तर रक्त थांबायला वेळ लागतो, अंगावर निळे डाग येतात. तेवढं चालतं. पण शी डांबरासारखी काळी झाली तर थेट दवाखाना. आणि आमच्याकडे गुडघा दुखला की सुई मारून येतात, ती बंद. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांबरोबर घेतलं तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. अ‍ॅसिडिटीची गोळीसुद्धा मनाने नाही, कारण ओमेप्राझोलने क्लोपिडोग्रेलचा जोर कमी होतो. एकादशीला? उपवास खुशाल करा, केळं खा आणि गोळी घ्या. हे आईने मिटवलं, मला बोलावं लागलं नाही.

आता अण्णांच्या पाकिटात एक कार्ड असतं : स्टेंटची तारीख, दोन्ही गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा नंबर. आणि मी फोनवर "चालू आहेत ना" विचारत नाही. पांढऱ्या किती राहिल्या, गुलाबी किती राहिल्या, असं विचारते. पहिले काही दिवस ते वैतागले. आता मी विचारायच्या आधीच आकडा सांगतात.

पालखी आली त्या रात्री अंगणात पंगत बसली होती. जेवणं झाल्यावर एका माळकरी आजोबांनी कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. वाढता वाढता अण्णा थांबले. चष्मा वर करून त्यावरचं नाव वाचलं, आणि शेजारी मांडी घालून बसले.

"माउली," ते म्हणाले, "दात बरे हायत ना तुमचे?"