दादरच्या धर्मशाळेतली पानं

११ जून २०२३, दादर

छातीच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची जखम भरली. आता केमो. धाकटी जाऊ सोबत आली आहे. पेरणीचे दिवस आणि घरी सासूबाई अंथरुणावर, त्यामुळे ह्यांना निघता आलं नाही.

धर्मशाळेत जागा मिळाली, हे फार मोठं काम झालं. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर ताडपत्री बांधून राहिलेली कुटुंबं मागच्या खेपेला पाहिली होती. १९४१ साली हे रुग्णालय सुरू झालं तेव्हापासून साऱ्या देशातून माणसं इथे येतात. उपचाराची सोय होते, पण महिनोन्‌महिने राहायचं कुठे, हा प्रश्न ज्याचा त्याला सोडवावा लागतो. ही धर्मशाळा गाडगेबाबांच्या नावाची. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या बाबांच्या नावानं मुंबईत आजाऱ्यांना छप्पर मिळावं, हे मला फार योग्य वाटतं.

पिशव्या ठेवतोय तोवर शेजारच्या कोल्हापूरच्या काकू आल्या. डोक्याला रुमाल, भुवया नाहीत. पहिला प्रश्न, "लाल केमो का पांढरी?" मी म्हटलं, आधी लाल. त्या खाली बसल्या आणि सांगायला लागल्या. केमोच्या आदल्या रात्री भरपूर पाणी पी. औषध लाल असतं म्हणून नंतर दोन दिवस लघवी लाल होते, ते रक्त नव्हे, घाबरू नकोस. तोंड येईल, तर मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या आत्तापासूनच धर. थर्मामीटर आहे का? नसेल तर आज घे. ताप १००.४ च्या वर गेला की सकाळची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी. ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही.

यातलं बरंचसं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण त्या वेळी कानावर पडत होतं, डोक्यात शिरत नव्हतं. काकू सांगत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत होते. हे सगळं होऊन गेलेली बाई माझ्यासमोर मांडी घालून बसली आहे, बोलते आहे, संध्याकाळी पिठलं करणार आहे.

१५ जून

काल पहिली केमो झाली. लघवी लाल झाली. घाबरले नाही.

२२ जून

हात थरथरतोय, तरी लिहिते.

रात्री दोनच्या सुमाराला हुडहुडी भरली. जाऊनं थर्मामीटर लावला, १०१. तिला मुंबईची वाट माहीत नाही, हिंदी येत नाही, ती रडायलाच लागली. मग तिनं काकूंचं दार वाजवलं. काकूंनी वरच्या मजल्यावरच्या मालेगावच्या आपांना उठवलं. आपांचा मुलगा धावत जाऊन टॅक्सी घेऊन आला. आपांनी माझी फाइल, औषधांची पिशवी, पाण्याची बाटली घेतली, कारण कुणाचं काय कुठे ठेवलेलं असतं हे इथे एकमेकींना माहीत असतं. काकूंची स्वतःची केमो चार दिवसांवर आली होती, गर्दीत जाणं त्यांना बरं नव्हतं. तेव्हा त्या जिन्यापर्यंतच आल्या आणि जाऊला म्हणाल्या, "दारात पोचल्या पोचल्या सांगायचं, केमो चालू आहे आणि ताप आहे. बाकी काही नंतर."

जाऊनं तेच वाक्य म्हटलं. लगेच आत घेतलं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी फार खाली गेलेल्या. केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत त्या तळाला जातात. तेव्हा साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. अँटिबायोटिकची सलाइन लावली. पहाटे ताप उतरायला लागला तेव्हा आपा बाकावर बसल्या होत्या, जाऊचं डोकं त्यांच्या मांडीवर.

त्यांचं-माझं तोवर चार वाक्यांपलीकडे बोलणं झालेलं नव्हतं.

२९ जून

आज आषाढी आणि आजच बकरी ईद. माझे केस कालपासून पुंजक्यानं हातात येत होते. उशीवर, ताटात, सगळीकडे. सकाळी काकू म्हणाल्या, रोज थोडं थोडं रडण्यापेक्षा आजच काढून टाकू. आपांच्या मुलानं आणलेल्या मशीननं आपांनीच केस काढले. आधी जाऊला बाहेर पाठवलं, कारण माझ्यापेक्षा तिलाच ते बघवलं नसतं. मग आपांनी स्वतःची ओढणी सोडून आपलं डोकं दाखवलं. बारीक, मऊ केस उगवले होते. "हात लावून बघ," म्हणाल्या. मी लावला.

दुपारी जाऊनं उपासाची भगर केली, आपांच्या घरून शीरखुर्मा आला. भगर आपांनी खाल्ली. शीरखुर्मा मी उद्यासाठी झाकून ठेवला.

१३ जुलै

समाजसेविकाताईंनी बायकांची बैठक घेतली. गोल करून बसलो होतो. जालन्याकडची एक ताई प्रथमच बोलली. गावात तिनं पोटाच्या दुखण्यासाठी मुंबईला जाते असं सांगितलं आहे. दोन मुली लग्नाच्या आहेत. छातीचा कर्करोग आईला झाला म्हणजे मुलींनाही होणार, असं लोक म्हणतील आणि स्थळं येणार नाहीत. समाजसेविकाताईंनी नीट समजावलं. स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिक असणारे शंभरात पाच ते दहा. म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत तो आईकडून मुलीकडे जात नाही. शंका असेल तर त्याची तपासणी होते. जालन्याच्या ताईनं तो आकडा माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. घरी दाखवायला.

मी विज्ञान शिकवते, म्हणून मी माझा प्रश्न विचारला. अशा बैठकांनी आयुष्य वाढतं का? ताईंनी खरं उत्तर दिलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड स्पीगल यांचा अभ्यास आला होता. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या बायका दर आठवड्याला गटात बसत, त्या इतरांपेक्षा जवळपास दुप्पट काळ जगल्या, असं त्यात दिसलं. जगभर आशा वाढली. पुढे कॅनडात मोठा अभ्यास झाला, २००१ साली तो छापून आला. त्यात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मात्र गटातल्या बायकांचं मन कमी खचलं आणि वेदनाही कमी जाणवल्या.

बैठक एकदम गप्प झाली. माझं मत मी तिथेच सांगितलं आणि इथेही लिहिते. जे दिवस आहेत त्यात दुखणं कमी होत असेल, तर तेवढ्यासाठीसुद्धा दर आठवड्याला गोल करून बसायला हवं. आयुष्य वाढवायचं काम औषधाचं. ते बैठकीवर टाकू नये, आणि बैठकीला जाते म्हणून कुणी औषध सोडू नये.

३० जुलै

झारखंडच्या एका कुटुंबातल्या नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग आहे. त्याला प्लेटलेट हव्या होत्या. इथे त्यांचं कुणी नाही. प्लेटलेट साठवून साठवून किती ठेवणार, पाचच दिवस टिकतात. म्हणून देणारा माणूस सतत नवा लागतो. आपांच्या मुलानं दिल्या. खालच्या चहावाल्याचा भाऊ तयार झाला. देणाऱ्याला ४८ तासांनी पुन्हा देता येतात, हे इथे आल्यावर कळलं.

गावाकडून भेटायला आलेले लोक सफरचंदं आणतात आणि बसल्या जागी त्यांच्या नात्यातल्या कर्करोगानं गेलेल्या माणसांची नावं सांगतात. मन वाईट नसतं कुणाचं. पण आल्यावर 'काय करू?' असं विचारणारा माणूस लाखात एक.

१८ ऑगस्ट

जळगावचे बाप्पा गेले. गालाचा कर्करोग, तंबाखूचा. त्यांच्या म्हातारीजवळ त्यांना गावी न्यायला पैसे नव्हते. संध्याकाळपर्यंत खोल्याखोल्यांतून पैसे जमले. बंगालच्या एका माणसानं, ज्याची स्वतःची उधारी वाढलेली आहे, शंभर रुपये दिले. ॲम्ब्युलन्स रात्री सुटली.

आज इतकंच.

९ सप्टेंबर, बार्शी

लाल केमो संपली. आता दर आठवड्याची पांढरी, ती बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात घ्यायची असं डॉक्टरांनी सुचवलं. घरून सकाळी निघून रात्री परत. निघताना काकूंनी त्यांच्या वहीतलं पान फाडून दिलं. त्यात रेल्वेच्या सवलतीचं सगळं लिहिलेलं : रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं लागत नाही, सोबत्याला त्यात ७५ टक्के सूट, फॉर्म रुग्णालयातून सही करून घ्यायचा. ते पान मी शाळेत फळ्याशेजारी तक्ते लावते तसं भिंतीवर लावणार आहे.

इथे वेटिंग हॉलमध्ये पहिल्याच दिवशी भूमची एक बाई शेजारी बसली. हातात फाइल उलटी धरलेली. मी विचारलं, "लाल का पांढरी?"

२० ऑक्टोबर

नवरात्र. देवळात बायका जमल्या होत्या. मी रुमाल काढून बसले आणि काय झालं ते सांगितलं. आमच्या वाडीत या आजाराचं नाव घेत नाहीत, 'ते' म्हणतात. एक म्हातारी पुढे सरकली. म्हणाली, "मलाबी व्हतं. बार्शीची मान्सं आली व्हती तपासायला, त्यांनी काढलं."

तेव्हा उलगडा झाला. १९९९ साली आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला होता. टाटा आणि बार्शीच्या रुग्णालयानं गावोगाव जाऊन सव्वा लाखाच्या वर बायका त्यात घेतल्या. एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली तपासणीसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आणू शकते, हे जगाला २००९ साली या अभ्यासातून कळलं. त्यातली एक बाई आमच्या देवळाच्या पायरीवर इतकी वर्षं गप्प बसली होती. बरी झालेली बाई बोलली नाही, म्हणून गाव फक्त गेलेल्यांचीच नावं मोजत राहिलं.

त्यानंतर तिघी जणी माझ्या घरी आल्या. एकीला गाठ लागत होती. तिला घेऊन मंगळवारी बार्शीला जाते आहे.

२५ नोव्हेंबर

शेवटची केमो झाली. तळपायांना मुंग्या आहेत, त्या जायला वेळ लागेल म्हणतात. पुढे लाइट, म्हणजे रेडिएशन, घ्यायची आहे. काकूंचा फोन आला होता, त्यांचे रिपोर्ट चांगले आहेत. झारखंडचा मुलगा अजून वॉर्डात आहे.

ज्यांचे उपचार पार पडले आहेत, त्या बायाबापड्यांना माझं एक सांगणं आहे. आपल्या तालुक्यात आज कुणाची तरी पहिली केमो असेल. तिच्या घरी जा, डोक्यावरचा रुमाल काढून समोर बसा आणि पुढच्या पंधरा दिवसांत काय काय होईल ते तिला सांगा. थर्मामीटर घेऊन जा.